पुण्याचा फ्लॅट विकून कोल्हापूरला यावं का? आधी एक पावसाळा भाड्याने काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात वाकडला राहता. तुमची नोकरी आयटीतली आणि कंपनीने घरून काम करायला कायमची परवानगी दिली आहे. पत्नी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचं काम करतात. मुलगी पाचवीत आहे. कोल्हापूर तुमचं मूळ गाव नाही, सुट्टीत येऊन-जाऊन आवडलेलं शहर आहे. आता इथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, वंदे भारत सुरू झाली, विमानतळ सुधारला. शहर वाढतंय, आत्ता नाही घेतलं तर पुढे परवडणार नाही, असं एजंट सांगतो. तेव्हा वाकडचा फ्लॅट विकून पाचगावच्या बाजूला तयार रो बंगला घ्यावा, की फुलेवाडीच्या पुढे स्वस्तात मिळणारा प्लॉट घेऊन त्यावर बांधावं? इसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, द्यायला महिनाभराची मुदत आहे.

मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि बरीच वर्षं कोल्हापूर परिसरात बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते. लोक कर्ज काढतात तेव्हा मी ते घर बघायला जाते. हप्ते थकले किंवा घर विकायला काढलं की त्याच घराची किंमत पुन्हा काढायलाही बऱ्याचदा मलाच बोलावणं येतं. त्यामुळे घर घेणारी माणसं आणि घर सोडणारी माणसं, दोन्ही माझ्या बघण्यात आहेत. एजंटाला त्यातली पहिलीच भेटतात.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन निर्णय आहेत: कोल्हापूरला राहायला येणं, कोल्हापुरात मालमत्ता घेणं आणि पुण्यातली विकणं. पहिला निर्णय चुकला तर टेम्पो बोलावून परत जाता येतं. दुसरा फिरवायला वर्षसुद्धा जातं. तिसरा फिरवणं जवळजवळ अशक्य, कारण विकलेल्या फ्लॅटच्या भावात तसाच फ्लॅट वाकडला परत मिळत नाही. आणि तुम्ही हे तिन्ही एकाच महिन्यात करायला निघालाय. माझी पहिली हरकत तिथेच आहे. कोल्हापूरला येण्याला माझी हरकत नाही, उलट या.

माझ्या अहवालात शेवटच्या पानावर तीन आकडे असतात. एक बाजारभाव. दुसरा, ठीकठाक वेळ घेऊन विकलं तर प्रत्यक्ष हातात पडेल ती रक्कम. तिसरा, घाईत विकावं लागलं तर मिळेल ती किंमत. वाकडच्या मोठ्या सोसायटीतल्या टू बीएचकेला हे तीन आकडे एकमेकांच्या जवळ असतात. त्याच इमारतीत वर्षभरात चार-सहा व्यवहार झालेले असतात, खरेदीदाराला भाव माहीत असतो, बँकेलाही माहीत असतो. पाचगावच्या रो बंगल्याला ते तीन आकडे लांब लांब जातात. प्रत्येक बंगला वेगळा, रस्ता वेगळा, कागद वेगळे. शिवाय इथल्या ज्या माणसाकडे तेवढे पैसे असतात तो शक्यतो प्लॉट घेऊन आपल्या मनासारखं बांधतो. दुसऱ्याने आपल्या मनासारखं बांधलेलं घर घ्यायला त्याला जिवावर येतं. त्यामुळे चांगल्या बंगल्यालासुद्धा गिऱ्हाईक मिळतं, पण वेळाने मिळतं. ज्याला थांबायला वेळ आहे त्याचं यात काही बिघडत नाही. ज्याची सगळी पुंजी त्या एका घरात आहे आणि ज्याची नोकरी दुसऱ्या शहरातल्या कंपनीच्या मर्जीवर आहे, त्याने याचा विचार केलाच पाहिजे.

आता ‘शहर वाढतंय’ म्हणजे काय ते बघू. कोल्हापूर वाढतंय यात शंका नाही, पण ते कसं वाढतंय हे बाहेरून कळत नाही. महापालिका १९७२ साली झाली आणि त्यानंतर दशकानुदशके हद्द तिथल्या तिथेच राहिली. हद्दवाढीची मागणी झाली, तितकाच जोरदार विरोधही झाला. घरफाळा वाढेल आणि जमिनींवर आरक्षणं पडतील ही गावांची भीती. माणसं मात्र थांबली नाहीत. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी ही नावाला गावं. रस्त्याने जाताना शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं ते कळत नाही. हद्दवाढीचा तिढा सुटेना म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. बांधकाम परवाना तिथून मिळू लागला, पण नळ, गटार, दिवाबत्ती, कचरा याला तुम्ही तक्रार कोणाकडे करणार? बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीकडे. आणि एका गावाच्या हिशोबाने उभी राहिलेली ग्रामपंचायत आता चार मजली इमारतींच्या वस्तीला पुरी पडायची धडपड करत असते.

तुमचा एजंट जे विकतोय ते माहितीपत्रकावर कोल्हापूर आणि नळाला पाचगाव आहे. हे वाईट आहे असं नाही. मात्र भाव लावताना शहराचा भाव लावायचा आणि सोयी गावाच्या घ्यायच्या, हे मला पटत नाही. वाढत्या भागातली पहिली दहा वर्षं तिथे राहायला आलेली माणसंच त्या वाढीचा खर्च सोसतात: टँकर, बोअर, सेप्टिक टँकचा उपसा, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढून टाकलेला मुरूम.

पाण्याचं उदाहरण घ्या. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं. कितीतरी वर्षांची मागणी पुरी झाली, आनंदच आहे. एजंटही ‘आता थेट पाईपलाईन आली’ म्हणून सांगतो. पण ती योजना महापालिकेची. तुम्ही बघताय त्या बंगल्याच्या नळाला कोणत्या योजनेचं पाणी येतं, किती दिवसाआड येतं आणि मे महिन्यात काय होतं, हे एजंटाला विचारू नका. समोरच्या घरातल्या बाईंना विचारा. सकाळी पाणी भरायच्या वेळेला जा, न विचारताच कळेल.

सांडपाण्याचंही तसंच. भुयारी गटार नसेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. मुरमाड जमिनीत तो बरा चालतो. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, मग ते शेजारच्याच्या कंपाउंडला लागतं आणि भांडणं होतात. पायाचंही हेच: काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, पाया नीट घेतला नसेल तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे निघतात. नवीन रंग लावलेल्या बंगल्यात ते दिसत नाहीत. त्याच बिल्डरने चार वर्षांपूर्वी बांधलेला बंगला दाखवा म्हणा, आणि तो बघताना पश्चिमेच्या भिंतीकडे आधी बघा. आपला पाऊस तिकडूनच मारतो, ओल तिथेच पहिल्यांदा येते. अजून एक: जोत्याची, म्हणजे घराच्या चौथऱ्याची, उंची. रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या थराने वर चढतो. आज रस्त्यापेक्षा एक फूट उंच असलेलं जोतं पुढे रस्त्याच्या खाली जातं आणि मग अंगणात तळं.

पुराबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय: ‘पूर अधूनमधून येतो असं ऐकलंय.’ यावर जरा थांबते.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. जुलै लागला की इथे घराघरांत क्रिकेटच्या स्कोअरसारखा हा आकडा विचारला जातो, आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले तेही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर त्याआधीचा. तेव्हा ‘अधूनमधून’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

पूर कुठे येतो हे नदीपासूनचं अंतर मोजून कळत नाही. शहराच्या मधून जयंती नाला जातो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे येतं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग, व्हीनस कॉर्नर इथे पाणी येतं ते असं. पाचगावच्या वाटेवरचं रामानंदनगर नदीपासून चांगलं लांब आहे, तरी ओढ्याचं पाणी तिथल्या घरांत शिरलेलं आहे. पाचगाव आणि आर. के. नगरचा भाग स्वतः उंचावर आहे, पुराच्या बाबतीत मला तिथली काळजी नाही. काळजी आहे ती फुलेवाडीच्या पुढच्या प्लॉटची. बालिंग्याकडे जाताना एकीकडे चढ आणि एकीकडे नदीचा खोलगट पट्टा आहे. शे-दोनशे मीटरने नशीब बदलतं. स्वस्त प्लॉट त्यातल्या कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज मी इथे बसून करणार नाही, पण स्वस्त का आहे हे विचारायला हवं.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर. हे कागदावरचं. पण १०० वर्षांचा पूर म्हणजे आता पुढची १०० वर्षं निवांत, असा कोणी अर्थ लावत असेल तर त्याला २०१९ नंतर लगेच २०२१ दाखवा. मी स्वतः जागेवर गेले की आजूबाजूच्या जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा शोधते आणि किराणा दुकानदाराला विचारते, पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हात वर करून दाखवतो. नकाशा आणि तो हात यांत फरक पडला तर मी दुकानदाराच्या हातावर जास्त विश्वास ठेवते.

आणि घर कोरडं राहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. त्या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडचा रस्ता काही दिवस बंद राहिला. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्याने शहरभर नळाला पाणी नव्हतं. बाहेर सगळीकडे पाणी आणि घरात हंडा रिकामा, ही स्थिती उंचावरच्या लोकांनीही काढली आहे. तुमची नोकरी इंटरनेटवर चालते. तेवढे दिवस वीज आणि नेट नसेल तर कंपनी काय म्हणेल, ते आधीच ठरवून ठेवा.

इथवरच्या गोष्टी तपासता येतात. तुमच्या बाबतीत सगळ्यात जड मुद्दा वेगळाच आहे आणि त्यावर तुमच्या पत्रात अर्धं वाक्य आहे: ‘बायको इथे काहीतरी बघेल.’

कोल्हापूर हे धंद्याचं शहर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव इथली फौंड्री आणि मशीन शॉप, साखर कारखाने, दूध, इचलकरंजीचं कापड, हुपरीची चांदी, गूळ, बँका आणि पतसंस्था, कॉलेजं, दवाखाने. ज्याला स्वतःचं काही करायचंय, त्याला हे शहर हात देतं. पण पगारी नोकरीत, विशेषतः विशिष्ट शिक्षणाच्या नोकरीत, निवड फार कमी. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला इथे दूध संघात, साखर कारखान्यात, दवाखान्याच्या लॅबमध्ये किंवा फार्मसी कॉलेजात जागा मिळू शकते. ती मिळाली तर पगार आणि हुद्दा दोन्ही खाली उतरण्याची तयारी ठेवावी लागते. ती जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागते ते वेगळंच.

माझ्या कामात एक नमुना मी इतक्यांदा बघितलाय की आता कर्जाच्या फाइलवर दोघांची नावं दिसली की आधी बाईंची नोकरी कुठली ते बघते. कळंब्याकडच्या एका जोडप्याचं सांगते. नवरा घरून काम करणारा, दोघांच्या पगारावर कर्ज मंजूर झालेलं. बाईंनी पुण्याची नोकरी सोडली, इथे वर्षभर शोध घेतला, मग एका क्लासमध्ये शिकवलं. पगार पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शालाही नाही. घर सुंदर होतं, गच्चीवरून डोंगर दिसायचा. दोन-अडीच वर्षांत त्या परत पुण्याला रुजू झाल्या, मुलाला घेऊन. नवरा आठवड्याला ये-जा करू लागला. शेवटी बंगला विकायला काढला तेव्हा मूल्यांकनाला मीच गेले. त्यांना कोल्हापूर आवडत नव्हतं असं अजिबात नाही. बाईंना रोज सकाळी आपण कोणाच्या कामाचे आहोत ते कळेनासं झालं होतं, एवढंच.

म्हणून तुम्हाला सांगते, इसार बाजूला ठेवा आणि पत्नींना इथे अर्ज करू द्या. तीन महिने खऱ्या मुलाखती देऊ द्या. त्यांच्या हातात काय ऑफर येते ते बघून घराचं बोला. त्यांना स्वतःलाच नोकरीतून थांबायचं असेल, काही वेगळं सुरू करायचं असेल, तर गणित पूर्ण बदलतं आणि कोल्हापूर त्यासाठी चांगली जागा आहे. पण ते त्यांनी म्हणायला हवं. तुमच्या पत्रात ते तुम्ही म्हणताय.

तुमच्या नोकरीचंही बघा. ‘कायमची परवानगी’ लेखी आहे का? पगार शहरानुसार बदलण्याची अट आहे का? ही नोकरी उद्या गेली तर पुढची कंपनी आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला बोलावणार नाही याची खात्री कोण देणार? पुणे इथून साधारण २३० किलोमीटर. महामार्गाचं काम, पाऊस आणि शनिवार-रविवार धरून गाडीने किती तास लागतील ते दर वेळी वेगळं. वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस धावणारी, सकाळी इथून निघून दुपारी पुण्याला पोचवणारी. पाहुण्यांकडे जायला ती छान आहे. सकाळी दहाच्या मीटिंगला तिचा उपयोग नाही. विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये झाली. मुंबई, बेंगळुरू, हैदराबादला वर्षातून काही वेळा जाणाऱ्याला त्याचा खरा फायदा आहे.

सर्किट बेंचचंही तसंच बघायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं होतं. त्यामुळे वकिलांची ऑफिसं, लॉज, झेरॉक्स, खानावळी, भाड्याच्या खोल्या यांना मागणी येणार आणि ती सीपीआर रुग्णालयाच्या आसपास, भाऊसिंगजी रोडच्या बाजूला आधी दिसणार. पाचगावच्या रो बंगल्याचा भाव यामुळे का वाढावा, हे मला एजंटाने पटवून दिलेलं नाही. गेल्या वर्षभरात कागलपासून वडगावपर्यंत प्रत्येक प्लॉटच्या जाहिरातीत सर्किट बेंच आहे. तेच प्रस्तावित रस्त्यांचं. आखणी बदलते, विरोध होतो, वर्षं जातात. नकाशावरच्या रस्त्याला आजच पैसे मोजू नका.

आता चांगलं काय, तेही सांगते, नाहीतर मी तुम्हाला घालवून द्यायला बसलेय असं वाटायचं.

वेळ. हा इथला सगळ्यात मोठा फायदा आणि तो कुठल्याच हिशोबात धरला जात नाही. मुलीची शाळा, दवाखाना, भाजी, बँक, सगळं पंधरा-वीस मिनिटांत. दाभोळकर कॉर्नरला अडकलात किंवा पावसात परीख पुलाखाली पाणी साठलं तर जास्त, तरी वाकडच्या मानाने काहीच नाही. संध्याकाळी सहाला काम संपवून साडेसहाला रंकाळ्यावर फिरता येतं. दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध मुलीला पाजता येतं. दवाखान्यांच्या बाबतीत शहर त्याच्या आकाराच्या मानाने खूप पुढे आहे, कारण सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि सीमाभागातले रुग्णही इथेच येतात. आई-वडील पुढे तुमच्याकडे राहणार असतील तर ही मोठी गोष्ट आहे. शिक्षणाला १९६२ पासूनचं शिवाजी विद्यापीठ, इंजिनियरिंग, मेडिकल सगळं आहे. पाचवी-सहावीत मुलगी आली तर रुळून जाईल. नववीत आणायची चूक मात्र करू नका.

हवा बरी म्हणालात, तेही खरं. उन्हाळा पुण्यापेक्षा सुसह्य वाटतो. मात्र उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवाही नसतो. त्या दिवसांत रात्री गाडी जपून चालवायची.

स्वस्ताई बेतशीर समजा. भाजी, दूध, घरकाम, भाडं यात फरक पडतो. पण बाहेरच्या भागात केएमटीची बस मोजकीच, त्यामुळे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला गाडी लागते आणि मुलीला सगळीकडे तुम्हीच सोडायचं. बंगल्याची देखभाल फ्लॅटसारखी सोसायटीवर ढकलता येत नाही. आणि इथल्या हॉटेलांचा, लग्नकार्यांचा, आहेरांचा खर्च बाहेरून आलेल्यांनी धरलेलाच नसतो. ओळख झाली की आमंत्रण येणार, आणि ओळख फार लवकर होते.

माणसांबद्दल एवढंच. पहिल्या आठवड्यात तुम्हाला चार जण विचारतील, ‘पाव्हणं, मूळ गाव कुठलं?’ त्यात चौकशीही आहे आणि आपुलकीही, दोन्ही सोबतच येतात. रात्री दोन वाजता गाडी बंद पडली तर अनोळखी माणूस ढकलायला उतरेल. पण तुमच्याकडे कोण आलं-गेलं, बाई किती वाजता परतल्या, याचीही नोंद गल्लीत होईल. वाकडला दहा वर्षं शेजाऱ्याचं नाव माहीत नसण्याची सवय असेल तर दोन्ही गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो. घर बघताना जवळ तरुण मंडळाचा मांडव कुठे पडतो तेही बघा; गणपतीत डॉल्बी लागला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि तक्रार करणारा तुम्ही एकटेच असाल.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण ते वकिलाचं काम आहे आणि वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट, झोन दाखला, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र. यात दोन ठिकाणी लोक घसरतात. पहिलं, गुंठेवारी, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली जागा. ‘सगळे असेच घेतात, पुढे नियमित होतं’ असं सांगतात. २०२१ च्या दुरुस्तीने नियमितीकरण ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झालं, पण ते आपोआप होत नाही, शुल्क भरून करून घ्यावं लागतं. आणि त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना त्या दुरुस्तीचा उपयोग नाही. अशा जागेवर बऱ्याच बँका कर्जाला हात लावत नाहीत, म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही कर्ज मिळणार नाही. दुसरं, महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. पाच-सहा रो बंगल्यांची स्कीम त्यामुळे नोंदणीशिवाय उभी राहते. ती बेकायदा नाही, पण काही बिनसलं तर महारेराकडे धाव घेण्याची वाट तुम्हाला सोपी राहत नाही, हे भाव ठरवताना लक्षात असू द्या.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? वाकडचा फ्लॅट भाड्याने दिला असता. त्या भाड्यात इथे राजारामपुरी, रुईकर कॉलनी किंवा ताराबाई पार्कच्या बाजूला तेवढ्याच आकाराचा फ्लॅट मिळून वर काही उरेल. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा मे महिन्यात अकरा महिन्यांचा करार करून यायचं. म्हणजे पावसाळा, गणपती, दिवाळी, उसाचा हंगाम आणि पुढचा उन्हाळा, सगळं अंगावरून जातं. दर रविवारी एकेक भाग पायी फिरायचा. जुलैत जोराचा पाऊस असताना आवडलेल्या जागेवर जाऊन उभं राहायचं. एवढ्या काळात पत्नींच्या नोकरीचंही कळतं आणि तुमच्या कंपनीची ‘कायमची’ परवानगी किती कायम आहे तेही.

वर्षानंतर इथेच राहायचं ठरलं तर फ्लॅट विका. तेव्हाही घाई लागत नाही. राहतं घर विकून आलेला दीर्घकालीन भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतवायला विक्रीनंतर खरेदीसाठी दोन वर्षं आणि बांधकामासाठी तीन वर्षं मिळतात. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत न गुंतवलेली रक्कम भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. नेमका कर किती बसेल ते तुमच्या सीएला खरेदीची तारीख दाखवून विचारा. एजंट ‘फ्लॅट विकला की लगेच घ्यायला लागतंय, नाहीतर टॅक्स’ म्हणतो, ते खरं नाही.

यात एक अपवाद आहे. पत्नींना इथे मनासारखी ऑफर आधीच आली असेल, तुमची परवानगी लेखी असेल आणि पुण्याचा फ्लॅट न विकता बंगल्याचा हप्ता झेपत असेल, तर पाचगावचा बंगला आत्ता घ्यायलाही माझी ना नाही. भाव वर्षभरात वाढेल का? वाढेलही थोडा. पण त्या भागात एकाच वेळी इतक्या स्कीम चालू आहेत की पुढच्या वर्षी तुम्हाला घर मिळणार नाही असं होणार नाही, आणि तोवर बंगल्याने एक पावसाळा खाल्लेला असेल, ओल कुठे आहे ते दिसेल.

फुलेवाडीच्या पुढच्या प्लॉटला मात्र सध्या इसार देऊ नका, कितीही थोडा असला तरी. गट नंबर, मंजूर लेआउटची प्रत आणि झोन दाखला मागा. तो गट पूररेषेच्या नकाशावर कुठे येतो हे जलसंपदा विभागातून किंवा परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडून लेखी घ्या. एजंट गट नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढे जाऊ नका. दिला, तर तो आणि लेआउटची प्रत मला पाठवा. त्या बाजूची पाण्याची खूण कुठवर होती ते माझ्या जुन्या नोंदींत बघून सांगते.